ताई आत्ताच गाऊन गेली

माझ्या भावाला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सगळे 'बारीक' म्हणायचे. उंची सव्वासहा फूट, दारातून आत येताना खांदा तिरका करावा लागे, मापाचे बूट दुकानात मिळायचे नाहीत, आणि नाव बारीक. कारण त्याचं गाणं. बोलायला तोंड उघडलं की कुणीतरी खडी ओततंय असं वाटे. गायला उघडलं की त्याच गळ्यातून इतका उंच आणि कोवळा सूर निघे, की नवीन माणूस आधी त्याच्या पाठीमागे कुठली बाई उभी आहे ते बघे. लोकांना हसू यायचं. मग थोड्या वेळाने हसू यायचं थांबायचं आणि ते जरा मागे सरकून उभे राहायचे.

मी त्याची धाकटी बहीण. औषधाच्या दुकानात काउंटरमागे सत्तावीस वर्षं उभी आहे. डॉक्टरांचं अक्षर वाचून पोट भरणारी बाई सहसा कशाला घाबरत नाही. भूत दिसलं, सावली हलली असं कुणी सांगायला लागलं की मी विचारते, झोपेची गोळी कुठली चालू आहे? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

दादाचं काम म्हणजे जमिनीखालचं पाणी ऐकणं. रस्त्याखालच्या नळाला चीर गेली की पाणी वर येतंच असं नाही. ते मातीत मुरत राहतं आणि कुठे मुरतंय ते कुणालाच दिसत नाही. ते कानाने शोधावं लागतं. त्यासाठी त्याच्याकडे छातीएवढ्या उंचीची लोखंडी दांडी होती, वरच्या टोकाला लाकडी वाटी बसवलेली. खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटी कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध हा पहाड डोळे मिटून उभा आणि गाडीवाले शिव्या देत बाजूने जातायत, हे आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. भोक मोठं असेल तर आवाज खालचा, घरघर करणारा. फट जितकी बारीक, तितका सूर वरचा. दादा तो सूर गळ्यात धरायचा, चार पावलं पुढे जायचा, पुन्हा दांडी टेकवून ताडून बघायचा. "इथं खणा," म्हणाला की तिथेच निघायचं.

खात्री करायची एकच रीत होती. मागचा व्हॉल्व्ह बंद करायचा. पाणी तुटलं की आवाज बंद. "गळती लबाड नसते," दादा म्हणायचा, "पाणी तोडलं की गप्प बसते."

गायकवृंदात तो शिरला तोही दांडीमुळेच. शहराच्या सभागृहाच्या तळघरात पाणी साचत होतं. हा खाली एकटा, सूर धरून भिंतीच्या कडेकडेने फिरतोय आणि वर वृंदाचे मास्तर तालीम घेतायत. नळांतून सूर वर गेला. मास्तरांनी हात थांबवला आणि बायकांच्या रांगेकडे डोळे वटारले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मास्तर स्वतः जिना उतरून आले आणि घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या या धिप्पाड माणसासमोर येऊन थांबले.

"इथे बाई कोण गात होती?"

"बाई नाही," दादा त्याच्या खडीच्या आवाजात म्हणाला, "मीच होतो. माफ करा."

मास्तरांनी माफ केलं नाही, भरती केलं. त्यांनीच पुढे आम्हाला समजावलं. पुरुषाच्या गळ्यातल्या पट्ट्या पूर्ण न हलता त्यांच्या नुसत्या कडा हलल्या की हा वरचा आवाज उघडतो. तो बऱ्याच जणांकडे असतो, पण तिथे कुणी राहायला जात नाही. जुन्या पाश्चात्त्य शास्त्रीय रचनांत त्याच्यासाठी खास जागा लिहून ठेवलेल्या आहेत. लोक त्याला चोरटा आवाज म्हणतात ते चूक, हा अस्सल पुरुषाचाच आवाज आहे. मास्तरांनी असं म्हटलं तेव्हा दादाने मान खाली घातली. मला त्याचं कारण माहीत होतं.

आम्ही तिघं. सगळ्यांत मोठी ताई, मग दादा, मग मी. गाणं ताईचं होतं. माझा आवाज फाटका होता आणि आहे. दादाला तेव्हा कुणी गायला सांगितलंच नव्हतं. ताई रोज संध्याकाळी सहाला मागच्या खोलीत दार लावून रियाज करायची. एक लांब आलाप, शब्द नसलेला, खालून निघून वर जाणारा आणि वर गेल्यावर बराच वेळ तिथेच थांबणारा. आई स्वयंपाकघरात बसून ऐकायची. सतराव्या वर्षी ताईला ताप आला. चार दिवसांत ती गेली. मी नऊ वर्षांची होते, दादा पंधराचा.

त्यानंतर आई जेवेना. म्हणजे पहिले दोन दिवस सगळ्यांचीच तहानभूक गेली होती, पण आम्ही पोरं पुन्हा जेवायला लागलो आणि आईने ताटाकडे बघायचं सोडलं. बोलायची नाही, रडायचीही नाही. डॉक्टर म्हणाले, आता सलाईनशिवाय गत्यंतर नाही. अठराव्या दिवशी संध्याकाळी आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, बाबा तिच्याजवळ, मी दाराच्या चौकटीत. आणि मागच्या खोलीतून ताईचा आलाप सुरू झाला.

अंगावर काटा आला वगैरे सगळं झालं. बाबा उठले आणि पुन्हा बसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की घरात दादा दिसत नाहीये. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आई ऐकत राहिली. गाणं संपल्यावर ती उठली, शेगडी पेटवली आणि भात टाकला. चार माणसांचा नव्हे, पाच माणसांचा.

दादा मागच्या सज्जातून लोखंडी जिन्याने खाली उतरला, इमारतीला वळसा घालून पुढच्या जिन्याने वर आला आणि त्याने बेल वाजवली. बाहेरून आल्यासारखा. आईनेच दार उघडलं. अठरा दिवसांनी तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ते त्याला उद्देशून.

"आलास? ताई आत्ताच गाऊन गेली. तू नेहमी उशिराच ये."

आता तुम्हीच सांगा, पंधरा वर्षांच्या मुलाने यावर काय बोलायचं? तो "हो" म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

औषध लागू पडलं. बाबा म्हणाले, थोडे दिवस चालू द्या, ती सावरेल, मग आपण सांगू. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. गोळी सुरू करताना सगळे हजर असतात, बंद कधी करायची ते चिठ्ठीवर लिहायला कुणीच नसतं. रोज संध्याकाळी एकदा, जेवणाआधी. महिने गेले, वर्षं गेली. बाबाही गेले. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले, पण दुकानातून परतीची वाट आईच्या घरावरूनच. दादा साडेपाचला कचेरीतून सुटायचा, मागच्या जिन्याने खोलीत जायचा, सहाला गायचा, मागच्या जिन्याने उतरायचा, इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून वळसा घालून पुढून यायचा. इस्त्रीवाला सुरुवातीला विचारायचा, "काय हो, काही हरवलं का?" नंतर तोही विचारेनासा झाला. बेचाळीस वर्षं माझा भाऊ स्वतःच्याच घरी रोज पंधरा मिनिटं उशिरा पोचला.

आणि दार उघडल्यावर तेच वाक्य. "ताई आत्ताच गाऊन गेली."

आईचं बाकी सगळं शाबूत होतं, हे लक्षात ठेवा. बाजारात तिला कुणी एक शिळं अंडं खपवून दाखवावं! फक्त ताई तिच्यासाठी मागच्या खोलीत राहत होती आणि वाढत होती. एका वर्षी आईने चष्म्याच्या दुकानातून एक चष्मा करून आणला आणि मागच्या खोलीत तिपाईवर ठेवला. "तिला चाळिशी लागली असेल आता," म्हणाली. मी हिशेब केला. ताई असती तर त्या महिन्यात चाळिसाची झाली असती. ती खोली रविवारी मी झाडायची. चष्म्याच्या काचेवर बोटांचे ठसे असायचे. आईचे असतील, दादाचे असतील. मी काच पुसायची आणि खिडकी उघडायची.

दादाचं लग्न एकदा होता होता राहिलं. कचेरीतली टंकलेखिका होती, चांगली हसतमुख. चहाला म्हणून घरी आली, नेमकी सहाला. आतून आलाप सुरू झाला. "माझी मोठी मुलगी," आई कौतुकाने म्हणाली. टंकलेखिकेने दादाला वृंदात ऐकलं होतं, तिला काय कळायचं ते कळलं. दादा घामाघूम होऊन पुढच्या दारातून आला तेव्हा ती त्याच्याकडे बघत राहिली. खाली सोडायला गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "आई गेल्यावर तरी थांबवाल ना?" दादाला हो म्हणता आलं नाही. पुढे कधीतरी मी त्याला चिडून विचारलं, एवढा शब्द टाकायला काय जात होतं तुझं? तर म्हणाला, "थांबवणं माझ्या हातात आहे का, तेच मला सांगता येईना."

तेव्हा मला वाटलं, हा भावनेच्या भरात बोलतोय.

दादाला सत्तावन्न पूर्ण झाली आणि निवृत्तीला काही महिने उरले, तेव्हा मास्तरांनी त्याला बोलावलं. इतकी वर्षं तो वृंदात मागच्या रांगेत उभा होता. मास्तर म्हणाले, हा माझा शेवटचा कार्यक्रम, यात तू एकटा गायचंस. एक जुनी रचना, दहा मिनिटांची, उंच पुरुषी आवाजासाठीच बांधलेली, साथीला दोन व्हायोलिन आणि एक चेलो. पुढे येऊन, लोकांकडे तोंड करून. रविवारी संध्याकाळी.

मी माझ्या भावाला जन्मात काही मागताना पाहिलं नाही. ताटात जे पडेल ते खाणारा माणूस. त्या दिवशी तो दुकानात आला, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "मला एकदा हे करायचंय. एकदाच. माझ्या नावाने, माझ्या तोंडाने, आणि आई समोर बसलेली असताना." त्याचे कान लाल झाले होते. मी काउंटरवरून हात पुढे केला आणि त्याचा पंजा धरला.

पण तालमीत अडलं. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "गोड आहे, सुरात आहे, पण हा सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज आहे. तू सत्तावन्नचा आहेस. तुझा कुठंय?" दादाने पुन्हा गायलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी ताल द्यायची काठी खाली ठेवली. "वृंदात चालून गेलं. एकट्याने गाताना नाही चालायचं. तुझा आवाज घेऊन ये, नाहीतर मला तो भाग वगळावा लागेल."

दादा माझ्याकडे आला तो हातात दांडी घेऊनच. ती म्हणे त्याने स्वतःच्या छातीला लावून ऐकलं होतं. मी हसले. तो हसला नाही.

"एक गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "सभागृहात गायलो की तीन मिनिटांत मला धाप लागते. माझं वय झालंय, लागणारच. घरी त्या खोलीत दहा मिनिटं गातो, आणि धाप लागत नाही. श्वासच खर्च होत नाही. मी तोंड उघडतो आणि ते चालू होतं."

"सवय," मी म्हणाले.

"मलाही वाटलं सवय. चल, दाखवतो."

दुपारचे चार वाजले होते. आई पुढच्या खोलीत लवंडली होती. मागच्या खोलीचं दार बंद. दादाने दांडीचं टोक दाराजवळच्या भिंतीला टेकवलं, थोडं ऐकलं आणि वाटी माझ्या कानामागे धरली. आधी माझ्याच रक्ताची धडधड. मग तिच्यापलीकडे, खूप वर, एक बारीक अखंड सूर. केसाएवढ्या फटीतून पाणी निघावं तसा.

"गळती असेल," मी म्हणाले. "तुझंच काम आहे."

तो खाली गेला आणि त्याने इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. स्वयंपाकघरातला नळ मी उघडून बघितला, एक थेंब नाही. वर येऊन त्याने पुन्हा वाटी माझ्या कानाशी लावली. सूर होता तसाच होता. पाणी तोडलं होतं आणि तो गप्प बसला नव्हता.

मी घाबरले. उगाच शूरपणाचा आव आणत नाही. आणि मला घाबरवलं म्हणून मी दादावरच ओरडले. त्याने दांडी भिंतीला उभी केली आणि हळूच म्हणाला, "मला कशाची भीती वाटते सांगू? की वरचं सगळं तिचं आहे. माझं फक्त खालचं, बोलायचं. आणि मी चाळीस वर्षं चोरी करतोय."

कार्यक्रम ऐन सहाचा होता, म्हणजे आईचं येणं अवघड. मी आठवडाभर आधीपासून तिच्या मागे लागले. ती ऐकेना. "सहाला ताई गाते. मी कशी येऊ?" शनिवारी माझा तोल सुटला. बेचाळीस वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. मला त्याची लाज वाटते आणि वाटतही नाही. मी म्हणाले, "आई, ताई गात नाही! ताई गेली. दादा गातो. बाबांना माहीत होतं, मला माहीत आहे, इस्त्रीवाल्याला माहीत आहे. तुझ्यापायी त्याने जन्म घालवला आणि तू त्याला रोज म्हणतेस उशिरा आलास!"

बोलून झाल्यावर मला वाटलं, आता ही भिंतीला टेकून बसणार आणि पुन्हा कधी जेवणार नाही. आईने हातातली अंडी एकेक करून टोपलीत ठेवली.

"तो गायचा ना," ती म्हणाली. "मला काय कळत नव्हतं? आईला आपल्या पोरांचे आवाज ओळखू येत नाहीत होय? वर चढायच्या आधी तो नाकाने दम घेतो. जोरात. ताई तिथे दम घेत नाही, एका श्वासात जाते. पहिली दोन वर्षं रोज त्याचा दम ऐकला मी. म्हटलं, पोरगं माझ्यासाठी एवढं करतंय, जेवायला तर हवं."

"मग?"

"मग ती यायला लागली." आईने टोपलीवर फडकं टाकलं. "एक दिवस ऐकलं, तर दमच घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर कधीच नाही. मी त्याला सांगणार होते की बाळा, आता तू नाही गायलास तरी चालेल. पण तो आतच असायचा. म्हटलं, असू दे, दोघं आहेत बरोबर."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तो उद्या एकटा गाणार आहे?"

"हो."

"मग येते की. आधी सांगायचं नाही का?"

रविवारी दादा दुपारीच सभागृहात गेला. जाण्याआधी त्याने मागच्या सज्जाचं दार आतून लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. त्या दिवशी तिथे कुणीही नसावं असं त्याला वाटत होतं. मी आईला घ्यायला पाचला आले. ती तयार होती. निघताना ती मागच्या खोलीच्या बंद दारापाशी गेली आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आम्ही जरा बाहेर जातोय गं. दादाचं गाणं आहे. तू गा हं, आमच्यासाठी थांबू नकोस." मी पुढच्या दाराला कुलूप लावलं तेव्हा ते मला दोनदा लावावं लागलं.

आमच्या जागा तिसऱ्या रांगेत होत्या. दादा पुढे आला तेव्हा माझ्या मनगटावर सहाला एक मिनिट कमी होतं. काळ्या कोटात तो आणखीच अवाढव्य दिसत होता. कुणीतरी खुसखुसलं. चेलो सुरू झाला, मग व्हायोलिन, मग त्याची जागा आली. त्याने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. नुसती हवा. मास्तरांनी न थांबता वादकांना पुन्हा मागे नेलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी आईचा हात धरला आणि देवाला नाही, ताईला म्हणाले, सोड गं त्याला, एवढं एकदा सोड.

दुसऱ्यांदा ती जागा आली आणि तो गायला लागला. उंच होता सूर, ताई जायची तितकाच उंच, पण ताईचा नव्हता. त्याला कडा होत्या. थोडा खरखरीत, रुंद, वापरलेला. सत्तावन्न वर्षं जगलेल्या माणसाचा आवाज, इतक्या वर आणि इतका उघडा, की कुणी खोकलंसुद्धा नाही. सबंध वरच्या भागात तो एकदा चिरकला, तेही मला आवडलं. मी रडायला लागले आणि मला रुमाल सापडेना.

वर चढायच्या आधी त्याने नाकाने दम घेतला. जोरात. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आला.

आईने माझा हात दाबला. "घेतला बघ दम," ती कुजबुजली. "हा त्याचा. चाळीस वर्षांनी ऐकतेय." पुढची सात-आठ मिनिटं ती प्रत्येक दमाला मान हलवत होती.

संपल्यावर दादाला धाप लागली होती. घामाने कॉलर भिजली होती. मास्तर त्याला म्हणाले, "आलास एकदाचा." परतताना तो आईचा हात धरून चालत होता, मधेच स्वतःशी हसत होता, आणि मला वाटलं, संपलं. चोरी वगैरे काही नव्हती, त्याचं त्याला मिळालं. उद्यापासून सहाला तो सरळ पुढच्या दाराने घरी येईल.

पहिल्या मजल्यावर म्हातारा घड्याळजी राहतो. गुडघ्यांमुळे तो कार्यक्रमाला आला नव्हता. पावलं ऐकून त्याने दार किलकिलं केलं.

"काय हो, कार्यक्रम रद्द झाला का?" त्याने दादाला विचारलं. "मला हळहळ वाटली. सहाच्या ठोक्याला वर तुमचं गाणं सुरू झालं, म्हटलं, अरे, हे तर घरीच. पण आज काय गायलात! इतकं मोकळं कधी ऐकलं नव्हतं."

आई पुढे निघून गेली होती, ती सावकाश जिना चढत होती. दादाने खिशात हात घालून सज्जाची किल्ली बाहेर काढली, तळहातावर ठेवून बघितली आणि परत खिशात टाकली.

सोमवारी मी दुकानातून लवकर निघाले. दादा साडेपाचला सुटला आणि मागच्या जिन्याकडे वळला नाही. इस्त्रीवाल्याने हात केला, यानेही केला. पुढच्या जिन्याने वर आला, बेल वाजवली, बूट काढले आणि स्वयंपाकघरात आईसमोरच्या खुर्चीत बसला. सहाला तीन मिनिटं होती. त्याने दोन्ही पंजे टेबलावर ठेवले होते. तोंड घट्ट मिटलेलं. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते.

घड्याळजीच्या घरातले ठोके खालून ऐकू आले. सहा.

मागच्या खोलीतून आलाप सुरू झाला. खालून निघाला आणि वर गेला, मधे दम न घेता, एका श्वासात. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही. पंधरा वर्षांचा असल्यापासून त्याने ते गाणं इकडून, स्वयंपाकघरातून, कधी ऐकलंच नव्हतं.

आईने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"आज वेळेवर आलास," ती म्हणाली.